‘मला नाही येत’ म्हणणाऱ्या मुलासाठी निसर्गाची चित्रपुस्तकं: निवडायची कशी, वाचायची कशी आणि मग टेकडीवर काय करायचं

बालवाडीत बिनधास्त नाचणारं मूल पहिलीच्या आसपास अचानक मागे सरकायला लागतं. चित्र काढायला कागद दिला की "तूच काढ ना." घसरगुंडीपाशी नेलं की "मला नाही येत." एखादं अक्षर वाकडं आलं की वही मिटलीच. याच सुमाराला मुलं शेजारच्याच्या वहीत डोकावून आपलं आणि त्याचं ताडून बघायला लागतात, त्यामुळे हे बहुतेक घरांत कमीजास्त होतंच. मग आईबाबा पुस्तकांच्या दुकानात जाऊन "आत्मविश्वास वाढवणारं काही आहे का?" असं विचारतात आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेलं एखादं चकचकीत पुस्तक घेऊन घरी येतात. मूल ते एकदा ऐकतं, पुन्हा मागत नाही.

मी मुलांना पुस्तकं वाचून दाखवते, त्यांच्याबरोबर टेकडीवरही जाते. चार ते आठ वर्षांच्या मुलांचे पालक, आजीआजोबा आणि बालवाडीच्या ताई यांना उपयोगी पडेल अशी ही पद्धत आहे. पुण्यात ती करायला विशेष सोपी आहे, कारण पुस्तकातला डोंगर, पक्षी, सुरवंट इथे रिक्षाच्या अंतरावर भेटतात.

पद्धतीच्या मुळाशी एक जुनं संशोधन आहे. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की ‘हे मला जमेल’ हा भरवसा माणसाला चार वाटांनी मिळतो. स्वतः करून पाहिलं आणि जमलं, ही पहिली वाट. आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहिलं, ही दुसरी. विश्वासातल्या माणसाने धीर दिला, ही तिसरी. आणि त्या क्षणी आपलं शरीर काय सांगतंय, छाती धडधडतेय की शांत आहे, ही चौथी. यांत सगळ्यात भक्कम पहिली. पुस्तक ती देऊ शकत नाही. पुस्तक दुसरी वाट फार छान दाखवतं, तिसरी आणि चौथी बोलायला निमित्त देतं. पहिलीसाठी मुलाला स्वतःच्या हातापायांनी काहीतरी करावं लागतं. म्हणून पुस्तक आणि बाहेरची कृती यांची जोडी तोडायची नाही, एवढं ठरवूनच पुढे चला.

आधी मूल नेमकं काय म्हणतंय ते ऐका

‘आत्मविश्वास कमी’ हे लेबल मोठ्यांचं. मुलं वेगवेगळं बोलतात आणि प्रत्येकाला वेगळं पुस्तक लागतं. आठवडाभर नुसतं कान देऊन ऐका.

"मला येत नाही" म्हणणाऱ्या मुलाला प्रयत्नाची गोष्ट हवी. कुणीतरी करून बघतं, फसतं, पद्धत बदलतं, थोडं जमतं. "मला भीती वाटते" म्हणणाऱ्याला अशी गोष्ट हवी जिच्यात घाबरलेलं पात्र घाबरलेलं असतानाच एक छोटं पाऊल टाकतं. "मी तिच्यासारखी छान नाही" म्हणणाऱ्या मुलीला वेगळेपणाची गोष्ट हवी. प्रत्येक झाडाचा बहर वेगळ्या महिन्यात येतो, पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, बहावा एप्रिल-मेमध्ये, तसली. आणि सगळ्यांच्या मागे राहणाऱ्या, सावकाश मुलाला वाट पाहण्याची गोष्ट हवी.

इथे गल्लत फार होते. ‘तू जसा आहेस तसा छान’ सांगणारं पुस्तक चांगलंच असतं, पण सायकल शिकताना तीनदा पडलेल्या मुलाला त्याचा उपयोग नसतो. त्याला पडून उठणारं कुणीतरी बघायचं असतं.

दुकानात उभ्या उभ्या करायची तपासणी

पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, ग्रंथालयाच्या बालविभागात किंवा २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवात पुस्तक हातात घेऊन चाळता येतं, ती संधी सोडू नका. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका खिशाला परवडणारी आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात, उतरवूनही घेता येतात. तिथे पुस्तकांवर वाचनाची पातळी दिलेली असते. वाचून दाखवायला पहिली-दुसरी पातळी घ्या, मुलाला अक्षरं येत असली तरीही.

पुस्तक हातात आलं की सुरुवातीपासून वाचू नका. आधी शेवटचं पान हाताने झाका आणि बाकीचं चाळा. तात्पर्य झाकल्यावरही गोष्ट उभी राहते का? राहत असेल तर पुस्तक घेण्यासारखं आहे. सगळं वजन शेवटच्या वाक्यावर असेल तर ते खाली ठेवा.

मग बघा, अडचण सोडवली कुणी? पिल्लू अडकलं आणि शहाण्या घुबडाने उपाय सांगितला, परीने जादू केली, आईने उचलून घेतलं, तर मुलाला कळतं ते इतकंच की मोठं कुणीतरी येतं. मदत मिळायला हरकत नाही, पण शेवटचा जोर त्या पिल्लाने लावलेला दिसला पाहिजे.

तिसरं, फसलेल्या प्रयत्नांना किती पानं दिली आहेत? ‘त्याने खूप प्रयत्न केले आणि अखेर त्याला यश आलं’ हे एका वाक्यात उरकलं असेल तर पुस्तकाने महत्त्वाचाच भाग गाळला. फसलेला प्रयत्न चित्रात दिसायला हवा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने फसलेला.

चौथी कसोटी माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची: त्यातला निसर्ग खरा आहे का? प्राणी बोलले तरी चालतील, टोपी घातली तरी चालेल. पण त्याची जगण्याची रीत खरी हवी, कारण मूल उद्या तेच बाहेर जाऊन बघणार आहे.

सुगरण पक्ष्याचं उदाहरण घ्या. आपल्याकडे सुगरण म्हटलं की मादीच डोळ्यांसमोर येते, पण खोपा विणतो नर. तो गवताच्या पात्याच्या बुडाशी चोचीने खाच पाडतो, तिथे पकडून उडतो आणि उडता उडता त्या पात्याची लांब पट्टी निघते. अशा असंख्य पट्ट्या आणून तो फांदीला गाठी मारतो, आधी कडं, मग त्यावर छप्पर. खोपा अर्धा झाला की माद्या येऊन तपासतात. पसंत पडला तर तो खालची नळी विणून पुरा करतो. नाही पडला तर बऱ्याचदा तो तसाच सोडून दुसरा सुरू करतो. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली यांनी अलिबागजवळ किहीमला हे सगळं बारकाईने पाहिलं आणि १९३१ मध्ये त्यावर लेख लिहिला. पावसाळ्यात एकाच झाडावर पूर्ण खोप्यांच्या शेजारी लटकणारे अर्धवट खोपे दिसतात ते यामुळे. ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला याहून चांगलं काय दाखवणार? सोडून दिलेला अर्धा खोपा आणि त्याच्याच बाजूला नव्याने सुरू केलेलं कडं.

सुरवंटाचं फुलपाखरू होणं हे या विषयातलं सगळ्यात लाडकं चित्र आहे. मी ते जपून वापरते. सुरवंट काहीही प्रयत्न न करता बदलतो, तो त्याचा जीवनक्रम आहे. शिवाय पुष्कळ पुस्तकांत सुरवंट कुरूप, बिचारा आणि फुलपाखरू म्हणजे खरं यश असं रंगवलेलं असतं. मुलाला त्यातून कळतं, मी आत्ता आहे तो कमी दर्जाचा. पण वाट पाहायला शिकवणारं, कोशातल्या दिवसांवर चारदोन पानं थांबणारं पुस्तक असेल तर सावकाश चालणाऱ्या मुलासाठी ते जरूर घ्या.

सिंहाचं हृदय, गरुडाची भरारी असल्या पुस्तकांबद्दल थोडक्यात: पात्र आधीपासूनच थोर असेल तर आपलं मूल त्यात स्वतःला बघत नाही. मुंगी, चिमणी, बी, खारूताई, गोगलगाय बऱ्या.

शेवटी शब्द तपासा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढचं कठीण काम फसल्यावर लवकर खचली. ‘मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली मुलं जास्त वेळ टिकून राहिली. पुस्तकातलं आईपात्र सारखं "माझं हुशार बाळ" म्हणत असेल तर वाचताना तुम्ही ते वाक्य बदलू शकता. "तू परत विणलंस!" म्हणा.

वाचन: तीन बैठका

मुलाला देण्याआधी पुस्तक एकदा एकट्याने वाचा. कुठे थांबायचं आहे ते पान लक्षात ठेवा. बहुतेक पुस्तकांत ते फसल्याचं पान असतं.

पहिल्या बैठकीत सलग वाचा. प्रश्न विचारू नका, गोष्ट पुरी होऊ द्या. मूल चित्रात रमलं तर पान उलटायची घाई करू नका. चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट चित्रातच असते आणि ती मुलं मोठ्यांच्या आधी वाचतात. आमच्या एका बैठकीत सुगरणीच्या चित्रावर एक मुलगी अडून बसली. मजकुरात फक्त खोपा पडला एवढंच होतं. तिने बोट ठेवलं ते खालच्या कोपऱ्यात, मातीत पडलेल्या एका पिवळ्या पट्टीवर. "ही सुटली. गाठ नव्हती मारली." खोपा का पडला याचा शोध तिने स्वतः लावला होता. मी पटकन पुढचं वाक्य वाचलं असतं तर तो तिच्या हातून निसटला असता.

दुसऱ्या बैठकीत, एकदोन दिवसांनी, बोलत बोलत वाचा. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं की वाचून दाखवताना मुलाला बोलतं केलं, त्याचं वाक्य थोडं वाढवून परत त्याला दिलं, की मुलांची भाषा झपाट्याने पुढे जाते. तीच रीत इथे लावा. फसल्याच्या पानावर थांबून विचारा, "आता याच्या पोटात काय होत असेल?" मुलं सांगतात, गोळा आलाय, रडू येतंय, राग आलाय. बंडुरांची चौथी वाट ती हीच. मग विचारा, "पुढच्या वेळी हा काय वेगळं करेल?" उत्तर चुकीचं असलं तरी ते धरून ठेवा, पान उलटून एकत्र बघा.

या बैठकीत एक वाक्य कटाक्षाने टाळायचं: "बघ, तो कसा रडला नाही, आणि तू?" हे एकदा बोललात की ते पुस्तक मुलाच्या दृष्टीने तुमच्या बाजूचं झालं. गोष्ट आणि मूल यांची गाठ मुलालाच बांधू द्या. कधीतरी दात घासताना मधेच ते म्हणेल, "माझीपण गाठ सुटली होती." तेव्हा मान डोलवा.

तिसऱ्या बैठकीत पुस्तक मुलाच्या हातात. त्याने चित्रं बघून सांगायचं, तुम्ही ऐकायचं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी अक्षरं अडतात म्हणून मराठी पुस्तकं बाजूला पडतात, हे पुण्यातल्या घरोघरचं आहे. चित्रं सांगायला अक्षरं लागत नाहीत. आणि भीती, लाज, हट्ट या गोष्टी मूल घरच्या भाषेतच मोकळेपणी बोलतं, म्हणून हे पुस्तक तरी मराठीत असू द्या.

बाहेर: एक पुस्तक, एक काम

आता पहिली वाट. बाहेर जाताना पुस्तक सोबत नेऊ नका, मनात असतंच. एका फेरीला एकच काम ठरवा आणि ते मुलाच्या आजच्या ताकदीपेक्षा किंचित जड असू द्या.

प्रयत्नाच्या पुस्तकानंतर विणकाम. जून ते सप्टेंबरात शहराबाहेर विहिरींवर, ओढ्याकाठच्या बाभळींवर किंवा शिंदीच्या झाडांवर खोपे दिसतात. दुर्बीण असेल तर उत्तम, लांबूनच बघा, विणीच्या काळात फांदीला हात लावू नका. मग घरी येऊन गवताच्या लांब पात्यांच्या पट्ट्या काढा आणि एका काटकीभोवती कडं बांधायला सांगा, तेही दोनच बोटांनी, चोचीसारखी. पाती तुटतील, गाठ सुटेल. तुमचे हात पाठीमागे ठेवा. अक्षरशः पाठीमागे, कारण मोठ्यांचे हात आपसूक पुढे येतात. मुलाने मागितली तर मदत करा, पण फक्त पातं धरून ठेवण्यापुरती. गाठ त्याचीच.

भीतीच्या पुस्तकानंतर चढण. पाच वर्षांच्या मुलाला पर्वती बरी, १०३ पायऱ्या आहेत, मोजता येतात, मधे बसता येतं. मोठ्या मुलाला वेताळ टेकडी. वर पोचणं हे उद्दिष्ट ठेवू नका. उतरताना सुट्या मुरमावर पाय सरकतो, तिथे खरं काम आहे. आधी तुम्ही पाय आडवा टाकून दाखवा, मग बाजूला व्हा. मूल थांबलं तर "घाबरू नको" म्हणू नका, ते घाबरलेलं आहेच. "छातीत धडधडतंय ना? माझ्यापण व्हायचं. पुढचा पाय कुठे ठेवशील?" असं विचारा. तीन पावलं टाकली आणि पुढे हात मागितला तर हात द्या. तीन पावलं झाली, तेवढी मोजून सांगा.

टेकडीच्या मोकळ्या माळावर उन्हाळ्यात टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली तर जवळपास तिची अंडी आहेत. ती जमिनीवरच्या खळग्यात, खड्यांच्या रंगाची अंडी घालते आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या माणसाला कंठ फुटेस्तोवर हटकते. लगेच मागे फिरा. घाबरट म्हणून चिडवल्या गेलेल्या मुलाला तो पक्षी केवढासा आहे ते मात्र दाखवा.

टेकडीवर जाणं जमत नसेल तर बाल्कनीतलं लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं रोप पुरतं. पावसाळ्यात कोवळ्या पानांवर काही फुलपाखरं अंडी घालतात. लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी होऊन हिरवी होते. हलकेच काडी लावली तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर काढून उग्र वास सोडते. मुलाने रोज एक चित्र काढायचं, एवढंच काम. कोशातून फुलपाखरू बाहेर येताना पंख ओले, चुरगळलेले असतात. ते लटकून राहतं आणि अंगातला द्रव पंखांत भरून ते फुलवतं. त्या वेळी हात लावायचा नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

अगदी लहानग्यांसाठी मेथी. कुंडीत किंवा पसरट डब्यात मुलाने स्वतः दाणे पेरायचे, स्वतः पाणी घालायचं. तीनपाच दिवसांत कोंब दिसतात. मूल ते दाणे उकरून बघणारच, बघू द्या. थोडी जागा उकरण्यासाठी वेगळी ठेवा.

घरी: आठ पानांचं स्वतःचं पुस्तक

छापील चित्रपुस्तकं बहुधा १६, २४, ३२ अशी आठच्या पटीत पानांची असतात, कारण मोठा कागद दुमडून पानं पाडलेली असतात. तेच घरी छोट्या प्रमाणावर करता येतं.

ए-फोर किंवा मोठा कागद घ्या. उभा-आडवा दुमडून आठ सारखे चौकोन पाडा आणि उघडा. आता तो रुंदीतून एकदाच अर्धा दुमडा, म्हणजे आखूड कडा एकमेकींवर येतील. दुमडलेल्या बाजूकडून मधल्या रेषेवर पहिल्या घडीपर्यंत कात्री चालवा. उघडलात की कागदाच्या मधोमध एक चीर दिसेल. कागद लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, चीर फाकून फुली तयार होईल, मग सगळी पानं एका बाजूला गोळा करून दाबा. न शिवता पुस्तक तयार. आकडे आणि चित्रं पुस्तक तयार झाल्यावरच घाला, सपाट कागदावर काढलीत तर पुस्तकात अर्धी चित्रं उलटी येतात.

पहिलं पान मुखपृष्ठ. दुसऱ्यावर कोण आणि त्याला काय हवंय. तिसऱ्यावर पहिला प्रयत्न, चौथ्यावर तो कसा फसला. पाचव्यावर कुणाला पाहिलं किंवा विचारलं. सहाव्यावर पुन्हा प्रयत्न, तोही पुरता न जमलेला. सातव्यावर काय जमलं. आठव्यावर, मागच्या बाजूला, अजून काय येत नाही. हे आठवं पान गाळू नका. ‘अजून नळी विणता येत नाही’ असं मुलाने न लाजता लिहून घ्यायला सांगितलं की समजा गाडी रुळावर आहे.

मजकूर मुलाने सांगायचा, तुम्ही तसाच उतरवायचा. "तो पडला आनि परत गेला" असं ते बोललं तर तसंच लिहा, शुद्धलेखनाची वेळ वेगळी. चित्रातला पक्षी बटाट्यासारखा दिसला तरी तुमची पेन्सिल त्याला लागू देऊ नका. आणि पाहुण्यांसमोर वाचून दाखवायची सक्ती नको. त्याला वाटलं तर ते स्वतःच दाखवेल.

एक इशारा देऊन ठेवते. मूल आठवडेच्या आठवडे शाळेला जायला नकार देत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल किंवा "मी वाईट आहे" असं वारंवार म्हणत असेल, तर पुस्तकांवर विसंबू नका. बालरोगतज्ज्ञ किंवा शाळेतल्या समुपदेशकांशी बोला.

एका पुस्तकाला किती दिवस द्यायचे

साधारण महिना. पहिल्या आठवड्यात तीन बैठका, दुसऱ्या-तिसऱ्यात बाहेरचं काम, चौथ्यात घरचं पुस्तक. मधे मूल तेच पुस्तक रोज रात्री मागेल, तेव्हा कंटाळा न करता वाचा. पुस्तक बदलायची वेळ झाली का, हे कळायला सोपी युक्ती आहे. वाचताना एखादी ओळ मुद्दाम चुकवा. "असं नाहीये!" म्हणून मूल तुम्हाला थांबवत असेल तर त्याचं त्या पुस्तकात अजून काम चालू आहे. चुकलेली ओळ ऐकूनही ते खिडकीबाहेर बघत बसलं तर पुढचं पुस्तक काढा.